साहामाच्या माळावर लामांच्या मागावर

[दृश्य: पहाट. दगडी वाडगं, म्हणजे कळपाचं कुंपण. लोकरीवर दहिवर.]

बोलिव्हियाचं पश्चिम टोक, चिलीची हद्द अगदी जवळ. गावाचं नाव साहामा, उंची साधारण 4250 मीटर. पूर्वेला त्याच नावाचं 6542 मीटरचं शिखर, देशातलं सर्वांत उंच. पश्चिमेला पारिनाकोटा आणि पोमेरापे हे जुळे ज्वालामुखी. 1939 पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या माळांवर लामांचे कळप चरतात. हे टिपण त्यांचे फोटो काढण्याविषयी. आपल्याकडे लामा म्हटलं की आधी बौद्ध भिक्खू आठवतो. हा लामा उंटाच्या कुळातला, फक्त वशिंड नसलेला.

मोकळा फिरतो, म्हणून त्याला रानटी समजू नये. रानटी लामा जगात कुठेच नाही. रानटी आहेत ते त्याचे भाऊबंद, ग्वानाको आणि व्हिकुन्या. कानात रंगीत लोकरीचे गोंडे दिसले की ओळखायचं, हे कुणा आयमारा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, कुटुंबाचं धन आहे. गुराखी दिसला तर कॅमेरा खाली, आधी ‘कामिसाराकी’ म्हणजे ‘कसे आहात’, मग परवानगी. कळपाची कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. ही युक्ती तिथेही चालते.

[दृश्य: कळप बाहेर पडतो. श्वासाची वाफ.]

सकाळी शिखराची सावली गावावर असते, त्यामुळे ऊन उशिरा पोचतं. तोवर पांढरी लोकर निळसर येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, ऑटोवर न ठेवता 5500 केल्व्हिनवर पक्का करावा, म्हणजे निळाई सगळ्या फोटोंत सारखी राहते आणि नंतर एकदमच दुरुस्त करता येते.

सूर्य कड्यावरून डोकावला की पहिली दहा मिनिटं सोन्याची. तोंड पूर्वेकडे करायचं. मागे डोंगराची सावलीतली काळी बाजू, पुढे लोकरीची उजळलेली कड आणि नाकपुड्यांतली वाफ. मागे आकाश आलं तर वाफ दिसतच नाही, काळोखच हवा. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. लेन्सवर हूड, म्हणजे ऊन अडवणारी नळी.

दहा-अकराच्या पुढे माळ तापतो. 400 मिलिमीटरच्या लेन्सनं लांबचा लामा टिपला तर फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो. दोष फोकसचा नसतो. जमिनीलगतची गरम हवा थरथरत असते, आणि त्यावर महागडी लेन्सही इलाज नाही. अंतर कमी करायचं, नाहीतर कॅमेरा मिटायचा.

अंतर कमी करायचं तर सरळ चालून जायचं नाही. तिरकं जायचं, 40 मीटरवर थांबायचं आणि नजर दुसरीकडे ठेवायची. कान पुढे असतील तर कुतूहल, आणि फोटोला तेच हवे. कान मागे पडले आणि हनुवटी वर गेली तर थुंकी येतेय. रवंथ करताना खालचा जबडा बाजूला सरकतो आणि तोंड वेडंवाकडं येतं. म्हणून एक फोटो काढून भागत नाही, चार-पाच सलग घ्यावे लागतात. डोळे ओळखणारा फोकस इथे फसतो. कपाळावरची झुलपं डोळ्यांवर येतात आणि कॅमेरा भडक गोंडा धरतो. सरळ एकच बिंदू निवडावा.

पाय कुठे ठेवतो तेही बघावं. बोफेदाल म्हणजे उंचावरची पाणथळ कुरणं. वरून घट्ट हिरवळ, मधे पाण्याच्या चिरा, सकाळी त्यांवर पातळ बर्फ. एक पाय आत गेला की त्या थंडीत दिवस संपला. झोपून फोटो काढत असाल तर उठताना सावकाश, या उंचीवर डोळ्यांपुढे अंधारी येते.

[दृश्य: संध्याकाळ. कळप परत फिरतो.]

खरा फोटो संध्याकाळचा. कळप वाडग्याकडे निघतो आणि पश्चिमेचं ऊन थेट शिखरावर पडतं. इथे बहुतेक जण 200 मिलिमीटर लावतात आणि चुकतात. गावापासून शिखर नऊ-दहा किलोमीटर, ते 200 मध्ये मावत नाही. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 70 मिलिमीटर घ्या, लामा 20 मीटरवर. कॅमेरा आडवा धरला तर डोंगर चौकटीची जवळजवळ दोन तृतीयांश उंची व्यापतो, आणि पावणेदोन मीटरचा लामा पाव. लेन्सचं छिद्र एफ 11 वर ठेवून लामावर फोकस केला तर साडेआठ मीटरपासून शिखरापर्यंत सगळं रेखीव. शटर 1/500, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 800 च्या आसपास.

तपकिरी माळावर पांढरा लामा लहान असेल तर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर माळाचं ऐकतो आणि लोकर जळते, म्हणजे तपशील न उरता नुसती पांढरी येते, तेव्हा एक्सपोजर 0.7 स्टॉप कमी. तोच लामा चौकट भरून असेल तर उलट, 0.7 ते 1 जास्त, नाहीतर पांढरा करडा होतो.

पाठीशी कललेलं ऊन म्हणजे स्वतःची लांब सावली पुढ्यात. सूर्य 5 अंशांवर असताना उभ्या माणसाची सावली जवळपास 20 मीटर, म्हणजे थेट लामाच्या पायांत. गुडघ्यांवर बसलं की ती आखडते, आणि लामाची मानही क्षितिजाच्या वर येऊन डोंगरावर उठून दिसते. तरी शिरलीच, तर सूर्य एका खांद्यामागे येईल इतकं बाजूला सरकायचं.

ऊन आधी माळावरून जातं, शिखरावर काही मिनिटं रेंगाळतं. त्या वेळी लामा काळसर होतात. पाठीचा आकार स्वच्छ दिसत असेल तरच बटण दाबावं.

[दृश्य: वाडग्याचं तोंड दगडांनी बंद होतं.]

कोरड्या ऋतूत, मे ते ऑक्टोबर, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. बॅटऱ्या आतल्या खिशात. आणि थंडगार कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेला तर काचेवर, आतही, दव धरतं. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आत गेल्यावर दोन तास उघडायचं नाही. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे तेवढा धीर धरवतो.