बोंडू थांबना नाय

(पहाट. काजूची बाग. सुक्या पाल्यावर पावलांची चुरचुर.)

वेंगुर्ल्याजवळची ही काजूची बाग. मार्च महिना. सहा वाजता हवेत अजून गारवा आहे आणि काकी वाकून बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचतायत. झाडावरचा ओढायचा नाही. रात्रीत आपसूक गळून पडला तोच खरा पिकलेला. लाल तो वेंगुर्ला ४ जातीचा, पिवळा तो वेंगुर्ला ७ चा. बी पिरगळून एका पाटीत, बोंडू दुसऱ्या पाटीत.

बीला भाव आहे. ती सुकवून, पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते. बोंडू तिच्या कितीतरी पट वजनाचा, रसाने टच्च भरलेला, आणि तो बहुतेक बागांतून झाडाखालीच कुजतो. दुपार झाली की आंबूस वास सुटतो, माश्या घोंघावतात. कोकणात वाढलेल्या माणसाच्या नाकात हा वास कायमचा बसलेला असतो. पलीकडे गोव्यात याच बोंडवाची फेणी होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे एवढं फळ मातीत जातं, हे काकींच्या घरातल्यांना बघवेना. त्यांच्या मांगराची, बागेतल्या कोठाराची, वायनरी झाली ती त्यातून.

फेणी आणि वाईन यांत लोकांची हमखास गल्लत होते. फेणी भट्टीवर चढते, आंबलेला रस उकळून तिचा अर्क धरतात. वाईनला आच लागत नाही. यीस्ट रसातली साखर खातं, त्याचं अल्कोहोल होतं, आणि ते दहा-बारा टक्क्यांच्या आसपास थांबतं. त्यामुळे फळाचे गुण बाटलीपर्यंत पोचतात. दोषही पोचतात.

बोंडवाचा दोष म्हणजे तुरटपणा. नुसता रस प्यायलात तर घसा धरतो.

(जवळून : टोप, डाव, पांढरट पेज.)

काकी साबुदाण्याची पातळ पेज शिजवतात. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाणा, जास्त नाही. पेज गार होऊ देतात, मग रसात सोडून सावकाश ढवळतात आणि झाकण ठेवतात. रस गढूळ, मातकट. तासाभराने त्यात बारीक फुटी दिसायला लागतात, दह्यासारख्या. तुरटपणा आणणारं टॅनिन पेजेला धरून खाली बसू लागतं. रात्र गेली की वर फिकट सोनेरी निवळ उभी असते. काकी ती नळीने अलगद काढून घेतात आणि टोप कलता झाला की ओरडतात. गाळ हलला तर रात्र फुकट.

हे सगळं वेचल्या दिवशीच करायचं. दुसऱ्या दिवशी रस स्वतःच्या मनाने आंबायला लागतो आणि मग तो आपला राहत नाही. "बोंडू कोणासाठी थांबना नाय," काकी म्हणतात. शिमग्याची पालखी दारात येते त्या दिवशीही पहाटे दोन पाट्या उतरलेल्या असतात.

एप्रिलमध्ये करवंदं. जाळीत हात घातला की काटे, आणि देठ तुटला की पांढरा चीक. तो बोटांवरून चार दिवस जात नाही. मग मे उजाडतो आणि सगळंच एकदम पिकतं: आंबा, फणस, रातांबे, जांभळं. रातांबा एवढा आंबट की पाणी घालून सौम्य केल्याशिवाय यीस्ट त्यात जीव धरत नाही. हापूसची वाईन या घराने एकदाच केली. मला ती चाखायला मिळाली. हापूसचा वास आंबताना निघून जातो आणि मागे उरतं ते कुठल्याही आंब्याचं असू शकतं. हापूस खावा. वाईन करावी जांभळाची. सालीतला रंग रसात उतरतो, तेव्हा टाकीतली काळसर जांभळी लाट बघून मला बोलायचंच सुचलं नाही.

द्राक्षं इथे का नाहीत, असं पाहुणे विचारतात. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकला वायनरी उभ्या राहिल्या. द्राक्षाला पिकताना कोरडी हवा लागते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भर उन्हाळ्यातही पंचा वाळत नाही.

खरा त्रास उन्हाळ्याचाच. यीस्टला वीस-पंचवीस अंश मानवतात, मेमध्ये बाहेर तेहतीस-चौतीस. जांभ्याच्या जाड भिंती थोडं सांभाळतात, बाकी विजेवर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा वीज गेली ती लवकर आलीच नाही. काका आणि मुलगा विहिरीचं पाणी शेंदून गोणपाटं भिजवत होते, टाकीला गुंडाळत होते, दिवसरात्र. जांभळाची टाकी वाचली. करवंदाची तापली, तिला उग्र वास आला आणि ती ओतून द्यावी लागली. मुलगा ते सांगताना अजूनही टाकीकडे बघत नाही.

(कौलांवर पाऊस.)

मृग लागला की बागेतलं काम संपतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेली असते, खळ्यात शेवाळ धरतं, आणि आत अंधारात टाक्या गप्प होत जातात. नळीतून बुडबुडा आधी क्षणाक्षणाला, मग मिनिटाने, मग कान देऊन बसलं तरी नाही. दर काही आठवड्यांनी निवळ वरून काढायची, गाळ खाली सोडायचा. चतुर्थीला मुंबईकर घरी येतात तेव्हा हे दार बंद असतं. बाप्पा असेपर्यंत कुणी बाटलीला हात लावत नाही.

(दिवाळीनंतरची सकाळ. खिडकी. काचेचा पेला.)

थंडी पडायला लागलीय. गावोगाव जत्रांचे दिवस. काकांनी करवंदाच्या टाकीतून पेलाभर काढलंय. ते आधी उजेडात धरतात, मग नाकाशी, मग एक घोट तोंडात फिरवतात. शेजारी लेबलं लावायला सून तयार बसलीय, डिंकाची वाटी हाताशी.

काका पेला तिच्याकडे देतात. तीही घोट घेते, जिभेवर धरते, आणि डिंकाच्या वाटीवर झाकण ठेवते.

"अजून दोन महिने, बाबा."