बर्फ गुडघ्याला, फॅक्टरला नव्हे

(दापोलीत हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या पालकांशी झालेल्या बोलण्यातला संपादित भाग)

मागच्या पावसात हर्णैचे एक आजोबा थर्माकोलचा डबा घेऊन आले. दोन दिवस लाइट नव्हती, म्हणून नातवाची फॅक्टर आठची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या औषधाची) खोकी त्यांनी थेट मासळीच्या बर्फात पुरली होती. खोक्याला बांगड्याचं खवलं चिकटलेलं! त्यांना रागवायला माझी जीभ वळेना. पण फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. सोबतचं पाणी गोठून काच तडकते आणि औषधाचा भरवसा राहत नाही. लाइट गेली तर बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड टॉवेल घाला. फ्रीजबाहेर किती दिवस, किती उष्णतेत चालेल, ते प्रत्येक कंपनीच्या खोक्यावर वेगळं लिहिलेलं असतं. बाहेर काढल्याची तारीख पेनाने टाका.

आता दुष्परिणाम. खाज, ताप, पुरळ हे तुम्ही विचारताच. माझी झोप मात्र इनहिबिटरने उडते. शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरला परकं मानतं आणि ते निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची फौज उभी करतं. गंभीर हिमोफिलिया ए (फॅक्टर आठ कमी असलेला प्रकार) असलेल्या साधारण २५ ते ३० टक्के मुलांत हे घडतं, तेही बहुतेकदा ज्या दिवशी फॅक्टर दिलं अशा पहिल्या ५० दिवसांत. अंगावर काही दिसत नाही. एरवी एका डोसात उतरणारी सूज या वेळी उतरत नाही, एवढंच. तेव्हा घरच्या घरी डोस वाढवू नका. इनहिबिटर मोजणारी बेथेस्डा चाचणी करून घ्या. बी प्रकारात (फॅक्टर नऊ कमी असतं तो) इनहिबिटर कमी आढळतो, पण कधी त्याच्यासोबत जोरदार अ‍ॅलर्जी उसळते. म्हणून तिथे सुरुवातीचे डोस रुग्णालयातच.

काहींच्या मुलांना आता त्वचेखाली टोचायचं, फॅक्टर आठचं काम करणारं एमिसिझुमॅब मिळतं. चांगलं औषध आहे. पण ते चालू असताना रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एपीटीटी तपासणी फसवी नॉर्मल येते, आणि रक्तस्राव झाल्यावर एपीसीसीचे (इनहिबिटर असताना देतात त्या फॅक्टरांच्या मिश्रणाचे) मोठे डोस दिले तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. रक्त थांबवणारं औषध कधी नको तिथेही रक्त गोठवतं! हे औषध बंद केल्यावरही काही महिने अंगात राहतं. तेव्हा मुलगा कुठल्याही दवाखान्यात गेला, अगदी दात काढायला गेला, तरी आधी हे नाव सांगा. लघवीतून रक्त जात असेल तर गुठळी विरघळू न देणारी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडची गोळी मनाने देऊ नका. गुठळी मूत्रनळीत अडकते.

आणि ती ‘दुखण्याची सुई’! शिमग्यात पालखी नाचवून गुडघा सुजला, की कोणीतरी पोराला कमरेत सुई टोचून आणतो. स्नायूतली सुई नको. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. दुखलं तर पॅरासिटामॉल, वजनानुसार.

मागून एक आजी म्हणाल्या, “मग तेल चोळायचं नाय?”

नाही, आजी. फॅक्टर द्या, पाय वर ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पंधरा-वीस मिनिटं. मासळीचा असला तरी चालेल.