आईनं मोजलेले दिवस

दसरा होऊन गेला आहे. नागपूरजवळ कळमेश्वरच्या वाटेवर कपाशीचं शेत आहे आणि पानाच्या मागे एक कागदी पट्टी लावलेली आहे. हे ट्रायकोकार्ड. जवळून बघा. खसखशीहून बारीक असे हे ठिपके म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी. जी काळी पडली आहेत, त्यांत ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी वाढते आहे. पूर्ण वाढ झाल्यावरही ती जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. बाहेर आली की ती बोंडअळीची अंडी हुडकते आणि त्यांत आपलं अंडं घालते. अळी जन्मायच्या आधीच संपते.

तिची एक लांबची नातलग आहे, नॅसोनिया. ती माशीच्या टणक कोषाला भोक पाडून आत अंडी घालते. पिल्लं तिथेच, अंधारात वाढतात. बाहेर थंडी येते आहे, हे त्यांना कोण सांगणार?

आई सांगते. 1965 साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या डेव्हिड सॉंडर्स यांनी हे प्रयोगानं दाखवलं. मोठे दिवस पाहिलेल्या मादीची पिल्लं सरळ वाढून उडून गेली. लहान दिवस पाहिलेल्या मादीची पिल्लं मात्र अळी असतानाच थबकली. पोट भरलेलं, अंग गुबगुबीत, तरी पुढे वाढ नाही. हीच सुप्तावस्था. थंडी सोसून झाली की वाढ पुन्हा सुरू होते.

मला सर्वांत थक्क करतं ते पुढचं. लहान दिवसांत ठेवलेली तीच मादी आधी नेहमीसारखी पिल्लं देते. पुरेसे लहान दिवस पाहून झाले, की त्यानंतरची पिल्लं झोपणारी. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, पण दिवस मोजतो!

एडिंबरोत जूनचा दिवस साडेसतरा तासांचा, डिसेंबरचा सात तासांचा. नागपुरात हाच फरक जेमतेम अडीच तासांचा, आणि इथे थंडीपेक्षा मे महिन्याचं ऊन जिवावर उठतं. आपल्या शेतात झोपते ती गुलाबी बोंडअळीच, पराटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडावर राहिलेल्या बोंडात, सरकीच्या आत. म्हणून तर वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी शेतात राखू नका.

थंड मुलखातल्या काही ट्रायकोग्रामांतही आईनं पाहिलेल्या दिवसांवर पिल्लांची झोप ठरते. तिथे याच झोपेच्या आधारानं मित्रकीटक महिनोन्‌महिने साठवून ठेवतात.

या कार्डाला मात्र सवड नाही. ऊन उतरल्यावर शेतकऱ्यानं ते लावलं. आता सकाळ झाली आहे, आणि एका काळ्या अंड्याला बारीक भोक पडलं आहे.