खाजा, आंबापोळी आणि सहाव्या वर्षाची दाढ

(रात्र. जत्रेतली खाज्याची दुकानं.)

मालवणकडची जत्रा. पालखी अजून बाहेर पडायची आहे, पण वाटेवर खाज्याची दुकानं कधीचीच लागली आहेत. बेसनाच्या कांड्या तळून बाजूला काढल्यात. कढईत गूळ उकळतोय, त्यात आलं पडतं. पाक घट्ट झाला की कांड्या त्यात टाकायच्या आणि हात न थांबवता खालीवर करत राहायचं. पाक सुकतो तसा प्रत्येक कांडीवर गुळाचा खरबरीत थर चढतो. पुडी घेतल्याशिवाय इथून कुणी घरी जात नाही.

ही पुडी दोन-तीन दिवस पुरते. पोरं येता-जाता एकेक कांडी तोंडात टाकतात. आम्हाला बोलायचंय ते या 'येता-जाता'बद्दल.

(चुलीजवळ बसलेली आजी.)

दाढ ठणकली की आजी म्हणते, "दाताक कीड लागली." रिंगणीच्या बियांची धुरी दिली की किडे गळून पडतात, असं जुनी माणसं सांगायची. पण दातात किडा नसतोच. दातावर जो बुळबुळीत थर साचतो, त्यात जिवाणू राहतात, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या तोंडात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यातला मुख्य. साखर असो की गूळ, आपण खातो त्यातलं तेही खातात आणि आम्ल सोडतात. त्या थराचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात.

मग लाळ धावून येते. आम्ल सौम्य करते, गेलेली खनिजं थोडीथोडी परत बसवते. याला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात दुसरी कांडी तोंडात गेली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जेवणासोबत चार कांड्या खाल्लेल्या परवडल्या. त्याच चार कांड्या दिवसभर चघळलेल्या नाहीत.

(अंगणात वाळत घातलेली आंबापोळी.)

मे महिना. ताटात आमरसाचा पातळ थर, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. पाणी उडून जातं, गोडवा तेवढाच राहतो आणि चिकटपणा वाढतो. फणसपोळीचंही तेच.

आता ही दाढ बघा. साधारण सहाव्या वर्षी ती सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडलेला नसतो, त्यामुळे आईवडिलांना तीही दुधाचीच वाटते. पडेल तेव्हा पडेल, म्हणून दुर्लक्ष होतं. ती पडणारी नाही, जन्मभराची आहे. तिच्या खाचा इतक्या खोल, की आत बसलेला आंबापोळीचा कण जिभेनं निघत नाही.

तान्ह्याच्या तोंडात रात्रभर दुधाची बाटली राहिली तरी दात असेच किडतात, कारण झोपेत लाळ कमी सुटते. मशेरीनं हिरड्या खाली सरकतात आणि उघड्या पडलेल्या मुळांवर तर कवचच नसतं.

कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका, सूज, शेवटी दाढ काढणं.

(शाळेचा नळ. ओळीत उभी मुलं.)

या मुलांच्या ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट आहे. घरी रात्री झोपतानाही एवढीच लावायची. मागच्या दाढेपर्यंत ब्रश न्यायचा, फेस थुंकून टाकायचा आणि लगेच खळखळून चूळ भरायची नाही. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्यायचं.