फाशी मागण्याआधी तपासाची फाइल उघडा

मंडळी, विषय आहे खुन्याला फाशी द्यावी की नाही, आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. देऊ नये. कुठल्याच केसमध्ये देऊ नये असं माझं मत आहे आणि ते का आहे तेवढंच आज बोलतो.

ज्यांना हे ऐकूनच राग येतो त्यांचा राग खोटा नाहीये, हे पहिल्यांदा. खैरलांजी आठवा, कोपर्डी आठवा, रस्त्यावर उतरलेली माणसं आठवा. पुण्यातल्या जुन्या लोकांना जोशी-अभ्यंकर खुनांचा काळ विचारा, ७६-७७ चा, अंधार पडला की लोक कडी लावून बसायचे म्हणतात. त्या केसमधल्या चौघांना १९८३ ला येरवड्यात फाशी झाली तेव्हा कित्येकांना हायसं वाटलं असणार, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण राग खरा आहे म्हणून पकडलेला माणूसही खराच गुन्हेगार आहे असं होत नाही ना, आणि माझी सगळी अडचण तिथेच आहे.

एक केस सांगतो, नाशिककडची, जरा सविस्तर सांगतो कारण पेपरात ती चार ओळीत आली आणि गेली. जून २००३. पेरूच्या बागेत राहणारं एक कुटुंब, रात्री घरात दरोडेखोर शिरले, लूटमार केली, पाच जणांचा खून केला, त्यात एक शाळकरी वयाची मुलगी, तिच्यावर आणि तिच्या आईवर बलात्कार. आई वाचली, एक मुलगा वाचला. ऐकतानाच पोटात कालवतं. आता पोलिसांवर किती प्रेशर असेल बघा, आणि पकडले कोण तर भटक्या जमातीतले सहा जण, मजुरी करणारे, वकील लावायची ऐपत नाही, गावात बाजूने बोलणारं कुणी नाही.

२००६ ला सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ ला हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं तिघांना कशाला सोडता, सहाही जणांना फाशी. आणि २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने, तीन न्यायमूर्तींच्या बेंचने, सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी नाही केली हां, निर्दोष. पुरावा तोच, साक्षी त्याच, जबाब तेच, आणि चार निकालांत उत्तरं तीन वेगळी. सोळा वर्षं गेली यात. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे २०१२ ला सिद्ध झालं, म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही असा मुलगा आपण फाशीच्या कोठडीत ठेवला होता आणि तीन-तीन कोर्टांतून तो तसाच पुढे गेला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला झोपू देत नाही. त्या वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार माणसांचे फोटो ओळखून दाखवले होते. नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो. ते चौघं हे सहा जण नव्हतेच! त्या चौघांचं पुढे काय केलं, का नाही धरलं, याचं उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हतं, कोर्टाने निकालात यावर कडक ताशेरे मारलेत, चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणून सांगितलं, आणि त्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली.

आता मला सांगा, २००९ च्या निकालानंतर वर्षा-दोन वर्षात फासावर चढवलं असतं तर? आपण म्हटलं असतं न्याय झाला. केस क्लोज. २०१९ चा निकाल लागायला माणसं जिवंत होती म्हणून तो लागला. आणि त्या आईचं काय? तिच्या घरात पाच माणसं ज्यांनी मारली त्यांना शिक्षा झालीच नाही. फाशी फाशी करताना आपण पीडितांच्या बाजूने बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण चुकीच्या माणसाला लटकवून पीडिताला काय मिळतं हे तरी कुणी सांगावं.

कुणी म्हणेल ही एखादी केस. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचं घ्या, २०१५ ला स्पेशल कोर्टाने पाच जणांना फाशी दिली, जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल, पण फाशी झालेल्या त्या पाचातला एक जण २०२१ ला कोविडने जेलमध्येच गेला, त्याला हा निकाल कळलाच नाही.

बाईक चोरीला गेली तर सापडेल यावर आपला विश्वास नसतो, पंच कसे आणतात, पंचनाम्यावर सह्या कशा होतात हे आपल्याला चांगलं माहितीये, आणि तेच पोलीस स्टेशन, तोच तपास, पण केस खुनाची झाली की आपण त्या कागदावर एखाद्याचा जीव घ्यायला तयार होतो! हे मला पटतच नाही.

कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून 'दुर्मिळातील दुर्मिळ' केसमध्येच फाशी, जन्मठेपेचा पर्याय अगदीच संपला असेल तर. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती भगवती बाकीच्या चौघा न्यायमूर्तींशी सहमत नव्हते, त्यांचं म्हणणं की शेवटी ते कोणत्या न्यायाधीशांसमोर केस जाते यावर ठरतं. आणि तसंच झालेलं आहे. उत्तर प्रदेशातली हरबन्स सिंगची केस बघा, तिघं आरोपी, गुन्हा एक, रोल सारखाच. एकाची फाशी सुप्रीम कोर्टानेच जन्मठेपेवर आणली, दुसरा १९८१ ला फासावर गेला, आणि तिसरा पुन्हा कोर्टात पोचला म्हणून वाचला. पेपर वेगळ्या बेंचपुढे लागले, एवढाच फरक.

अरे पण मग धाक कसा राहणार, हा प्रश्न हमखास येतो. त्रावणकोर संस्थानात १९४४ पासून काही वर्षं फाशी बंद होती, नंतर परत सुरू झाली, दोन्ही काळातले खुनांचे आकडे जवळपास सारखेच. खून करणारा माणूस एकतर रागात असतो, नाहीतर आपण सापडणारच नाही या खात्रीत असतो. त्याला धाक बसतो तो पकडलं जाण्याचा, म्हणजे पुन्हा तपासच.

बाबासाहेबांचं मत पण लोकांना फारसं माहीत नसतं. जून १९४९, घटना समिती, चर्चा चालली होती फाशीच्या केसेसच्या अपिलावर, तेव्हा ते म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करायला मी पाठिंबा देईन, या देशात अहिंसा निदान तत्त्व म्हणून तरी लोक मानतात. आणि २०१५ ला विधी आयोगाने, म्हणजे सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या आयोगाने, अध्यक्ष न्यायमूर्ती ए. पी. शहा, आपल्या सोलापूरचे, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी फाशी रद्द करा असा अहवाल दिला. तो धूळ खात पडलाय. मला तो अपवादही नको आहे, कारण दहशतवादाच्या केसमध्ये प्रेशर सगळ्यात जास्त असतं आणि चुका तिथेच होतात.

मग खुन्याला सोडायचं का? अजिबात नाही. २००८ पासून सुप्रीम कोर्टाने पर्याय दिलाय, वीस वर्षं, पंचवीस वर्षं, गरज पडली तर मरेपर्यंत, सूट न देता जन्मठेप, आणि २०१५ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. माणूस बाहेर येत नाही, आणि उद्या चूक कळली तर दार उघडता तरी येतं. फाशीत घरच्यांची जी फरफट होते तीही थांबते, लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणींची केस बघा, १९९६ ची अटक, २००६ ला सुप्रीम कोर्टात फाशी कायम, २०१४ ला दयेचा अर्ज फेटाळला, आणि सरकारने पुढे इतका उशीर लावला की २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. ज्यांची लहान लेकरं गेली ते आईबाप पंचवीस वर्षं दर तारखेला तेच ऐकत बसले.

मला विचाराल तर मागण्या वेगळ्या करा. तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा. आरोपी गरीब असेल तर पहिल्या रिमांडपासून त्याला धड वकील द्या. फॉरेन्सिक लॅबचे रिपोर्ट वेळेत येऊ द्या. दोषी ठरवलं की त्याच दिवशी घाईघाईत शिक्षा नको, त्या माणसाची सगळी माहिती कोर्टासमोर येऊ द्या, सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मनोज निकालात हे स्पष्ट सांगितलंय तरी खालच्या कोर्टांत कितपत पाळतात ते बघा. आणि ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराला भरपाई, मुलांचं शिक्षण, आणि गुन्हेगार पॅरोलवर किंवा फर्लोवर, म्हणजे शिक्षा चालू असताना मिळणाऱ्या रजेवर, सुटणार असेल तर आधी कळवणं, हे कायद्याने बांधून घ्या, कारण आज त्यांना तो गावात दिसतो तेव्हाच कळतं की तो बाहेर आलाय.