पंपावरून उडालेलं इथेनॉल जातं कुठे?

(दृश्य: कर्वे रस्ता, भर दुपार. पेट्रोल पंपावर दुचाकींची रांग.)

टाकीचं झाकण उघडलं की वास येतो. तो आता नुसत्या पेट्रोलचा नाही. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शंभर टक्के इथेनॉलचे तीन प्रायोगिक पंपही पुण्यातच सुरू झाले, ५ जून २०२१ला. ऊस आपला, मळी आपली, त्यामुळे कौतुकही भरपूर. टाकीत न जाता उडून गेलेल्या वाफेची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही.

(दृश्य: वेताळ टेकडीवरून दिसणारं धुरकट शहर.)

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हाने इथेनॉल थेट फुटत नाही. त्याला गाठतो हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक अस्थिर तुकडा. अतिनील किरणांनी ओझोन फुटतो, सुटलेला ऑक्सिजन बाष्पाला भिडतो आणि हा जन्मतो. आयुष्य जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात जो रेणू भेटेल त्याचा हायड्रोजन हिसकावून, पाणी होऊन मोकळा! उरलेल्या तुकड्याला हवेतला ऑक्सिजन धरतो आणि इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं नवं रसायन होतं. सॅनिटायझरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचं याच वाटेने ॲसिटोन होतं, मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड.

पण घाई नाही. हवेत इथेनॉल सरासरी तीन-चार दिवस टिकतं, मिथेनॉल तर आठवड्याहून जास्त. म्हणजे कर्वे रस्त्यावर उडालेलं बरंचसं इथेनॉल पुण्यात फुटतच नाही. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा त्याला दौंड, भिगवणच्याही पुढे नेतो.

(दृश्य: सोलापूर रस्ता, दुतर्फा ऊस.)

अर्धवट जळालेल्या इथेनॉलमधून ॲसिटाल्डिहाइड थेट गाडीच्या धुराड्यातूनही बाहेर पडतं. ब्राझीलच्या शहरांनी हे आधीच अनुभवलंय. खरी गुंतागुंत इथून पुढे. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड सोबत असले, की याच साखळीत जमिनीलगतचा, श्वासाला घातक ओझोन तयार होतो. शिवाय तयार होतं पॅन, म्हणजे पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट. डोळे चुरचुरवणारं. चाळीस अंशांच्या उन्हात ते काही मिनिटांत मोडतं; डिसेंबरातल्या दहा अंशांच्या रात्री तासन् तास टिकतं आणि पोटात नायट्रोजन डायऑक्साइड घेऊन दूर जातं. ऊब मिळाली की तिथे सोडून देतं. हा नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटला, की त्या गावात नवा ओझोन.

तेव्हा शिवाजीनगरला हवा मोजणारं यंत्र लावून पुण्याचा सगळा हिशेब लागणार नाही. एखादं वाऱ्याच्या वाटेवर, दौंडकडेही लावायला हवं.