जात्याची घरघर

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती होऊन गेले होते, पाऊस आवरत आला होता. मी चेंबूरला राहते आणि फोर्टच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. सकाळी सव्वासहाला गाडी काढायची, पांजरापोळला ईस्टर्न फ्रीवे पकडायचा, बोगद्यातून वडाळा, शिवडी करत पी. डी'मेलो रोडला उतरायचं. हा फ्रीवे २०१३ साली सुरू झाला, तेव्हापासूनचा हा माझा नेम. सोबतीला रेडिओ. तर त्या दिवसांत एकदा लक्षात आलं, की मी रेडिओचा आवाज रोज थोडाथोडा वाढवत चालले आहे. पूर्वी बारावर ऐकू यायचं, आता अठरावर न्यावं लागत होतं. मला वाटलं, कान गेले. वय झालं.

मग एकदा रेडिओ बंद करून गाडी चालवली. चाळीसपर्यंत काही नाही. चाळीसच्या पुढे कुठूनतरी बारीक भणभण सुरू. साठला तिची घूं घूं झाली. ऐंशीला गाडीभर घुमायला लागलं. वेग कमी केला की आवाज त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचा.

घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, "टायर." यांचं प्रत्येक गोष्टीत एका शब्दाचं निदान असतं. शेजारच्या दादांनी सायलेन्सर सांगितला. सासूबाई मागच्या सीटवर बसून शनिवारी माटुंग्याला देवळात येतात, त्या म्हणाल्या, "अगं, जातं फिरल्यासारखं घरघरतंय, मी महिनाभर म्हणतेय." आम्ही दोघंही हसलो. सासूबाईंचं बालपण पाटणच्या बाजूला गेलं, त्यांच्या उपमा सगळ्या जात्या-उखळाच्याच असतात. ते हसणं किती महागात पडलं, ते सांगते.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलाने फॉर्मवर लिहिलं, "आवाज येतो." एवढंच. मी सही केली. संध्याकाळी पुढचे दोन टायर नवे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि बिल साडेनऊ हजार. परत येताना आवाज होता तसाच. उलट टायर नवे, गुळगुळीत चालणारे, त्यामुळे तो आणखी स्वच्छ ऐकू यायला लागला.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. प्रयोगशाळेत मुलांना ओरडून सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहा. आणि इथे मी स्वतः "आवाज येतो" या दोन शब्दांवर सही करून आले होते. आवाज येतो म्हणजे काय? मराठीत आवाजांना किती नावं आहेत बघा. टकटक वेगळी, खडखड वेगळी. किरकिर, कुईकुई, सूं सूं, भणभण, घरघर. एकही दुसरीसारखी नाही, आणि गाडीत तर प्रत्येकीचा पत्ता वेगळा असतो. यू टर्न घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट ऐकू आली, तर एक्सलच्या टोकाचा सांधा बघायचा. त्यावरचा रबरी बूट फाटलेला असतो आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं असतं. ब्रेक न दाबता बारीक कुईकुई येते आणि दाबल्यावर थांबते, तर ब्रेक पॅड झिजत आल्याची ती सूचना असू शकते. पॅडला मुद्दाम एक पत्र्याची जीभ लावलेली असते, पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते. पावसाळ्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची पहिली खरखर मात्र सोडून द्या. डिस्कवर गंज धरतो, चार ब्रेक मारले की जातो.

टकटकीचं तर मोजमापच करता येतं. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला चाक साडेपाचशे वेळा फिरतं. ताशी दहाच्या वेगाने सोसायटीच्या भिंतीलगत काच खाली करून गाडी चालवा आणि मोजा. दोन सेकंदांत तीन टक आले, तर ती गोष्ट चाकाबरोबर फिरतेय, एका फेरीला एकदा. आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंच्या गाडीत हे असंच निघालं. टायरच्या खाचेत सोड्याच्या बाटलीचं झाकण रुतलं होतं. त्या बिचाऱ्या गिअरबॉक्स उघडायला निघाल्या होत्या.

माझी मात्र टकटक नव्हती, घूं घूं होती. म्हटलं, आता रीतसर चौकशी करू. पुढच्या रविवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. हे चालवायला, मी वही घेऊन बाजूला.

पहिला प्रश्न, इंजिन की चाकं? पन्नासच्या वेगाला तिसरा गिअर, मग त्याच पन्नासला चौथा. इंजिनाचे फेरे कमी झाले, काटा खाली आला, घूं घूं जागची हलली नाही. मग मोकळा रस्ता बघून गाडी क्षणभर न्यूट्रलला घातली. इंजिन चालूच ठेवून बरं का. चालत्या गाडीत चावी कधीच फिरवायची नाही, ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रललाही आवाज तोच. म्हणजे फॅन बेल्ट, अल्टरनेटर, शेजारच्या दादांचा सायलेन्सर, सगळे सुटले. उलट, गाडी उभी करून रेस दिल्यावर आवाज आला असता, तर चाकांकडे बघायचीच गरज नव्हती.

दुसरा प्रश्न, टायर की आणखी काही? याला मुंबईइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. काही रस्ते डांबराचे, काही काँक्रीटचे, आणि एका फेरीत दोन्ही मिळतात. काँक्रीटवर पाणी निसटावं म्हणून आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात, त्यांच्यावर टायर गातो. डांबरावर गेलं की गाणं बदलतं. टायरचा दोष असेल तर रस्त्यागणिक सूर पालटतो. आमचा आवाज दोन्हीकडे सारखाच होता. साडेनऊ हजारांआधी ही दहा मिनिटं घालवली असती तर! यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी वहीत लिहिलं.

वाऱ्याचाही संशय घेऊन झाला. दाराचं रबर सैल असेल, तर सत्तर-ऐंशीच्या पुढे सूं सूं येते. फटींवर कागदी चिकटपट्टी लावून बघायचं, बंद झाली तर वारा. आमची चाळीसला सुरू होणारी, तिथे वाऱ्याचं काय चालतंय. उरलं चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं.

तिसरा प्रश्न, कुठलं चाक? इथे मला मजा आली. वडाळ्याच्या पुढे एक लांबलचक वळण लागतं. गाडी डावीकडे वळायला लागली की घूं घूं एकदम चढायची. उजवीकडे वळताना जवळजवळ नाहीशी व्हायची. हे लगेच म्हणाले, "डावं चाक." मी म्हटलं, बेस्टच्या बसमध्ये उभे राहा. बस डावीकडे वळली की तुम्ही कुठे झुकता? उजवीकडे. गाडीचंही तसंच, डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. ज्या बेअरिंगवर भार पडला की ते ओरडतं, तेच दुखरं. म्हणजे उजवी बाजू. परतताना बोगद्यात काचा खाली करून खात्री केली. उजव्या भिंतीवर आपटून आवाज परत येत होता, डावीकडून जेमतेम. ज्यांना हे करून बघायचं असेल, त्यांनी रस्त्याने दिलेली वळणंच वापरावी, रिकाम्या रस्त्यावरही गाडी नागमोडी हाकू नये.

आता उजवीकडे दोन चाकं. मी पुढच्या सीटवरून छातीठोकपणे सांगितलं, पुढचं. मला ते पायाशीच ऐकू येत होतं. हे म्हणाले, एकदा मागे बसून बघ. मागे बसले मात्र, आणि सासूबाईंचं जातं माझ्या पाठीशी फिरायला लागलं. पत्र्याच्या डब्यात आवाज कुठूनही कुठेही पोचतो. पुढे बसून मागच्याचा पत्ता सांगणं काही खरं नाही. महिनाभर त्या नेमक्या त्याच सीटवर, त्याच चाकावर बसत होत्या.

नाक्यापलीकडे एक जुने मिस्त्री आहेत, वेंगुर्ल्याकडचे. त्यांना वही दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "खंय बसान ऐकलास?" मी म्हटलं, मागे. ते हसले. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला, मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. चाक वर-खाली धरून हलवलं, तर ढिलं अजिबात नाही. हाताने फिरवलं, तर कानाला काहीच नाही. मला घाम फुटला. मग त्यांनी माझा हात धरून चाकाच्या आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणाले, "आता." आणि चाक फिरवलं.

श्रोतेहो, ते मी विसरणार नाही. कानाला गप्प असलेलं चाक बोटांना बोलत होतं. वाळू दळल्यासारखी बारीक खरखर स्प्रिंगमधून तळहातात येत होती. डावं चाक उचलून तसंच केलं, तर लोण्यासारखं.

बेअरिंग बाहेर आलं, तेव्हा त्यातलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी शिरलेलं. जुलैत गांधी मार्केटपाशी आम्ही अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली होती, तेच. चालून तापलेलं चाक थंड पाण्यात बुडलं, की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. मग गंज, मग गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटेवर खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. साठच्या वेगाला त्या खड्ड्यांवरून सेकंदाला पन्नासेक ठोके बसतात. कान ते सुटे मोजू शकत नाही, त्याला एक घूं ऐकू येते. असं बेअरिंग तसंच चालवत राहिलं, तर ते तापतं, चाक डुलायला लागतं, आणि पुढचं सांगत नाही. सामान आणि मजुरी मिळून अडीच हजार झाले.

मिस्त्रींकडून जुनं बेअरिंग मागून घेतलं. घरी सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी कानाशी नेऊन फिरवलं आणि म्हणाल्या, "टाकी लावायला झालंय." जातं बोथट झालं की पाथरवट त्याला टाकी लावतो, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरबरीत करतो, ते.

आज मी दोन बेअरिंगं सोबत आणली आहेत. तुमच्या रेडिओचा आवाज थोडा वाढवा. हे नवं.

(नवं बेअरिंग मायक्रोफोनजवळ फिरवणे. तीन सेकंद.)

आणि हे आमचं.

(जुनं बेअरिंग फिरवणे. आवाज आपोआप थांबेपर्यंत.)